देव पाण्यात होते, त्या दुपारी

सई मित्रमैत्रिणींबरोबर मोरोक्कोला जाणार म्हणाली, त्या संध्याकाळी मी देवाशी जरा धमकीच्याच सुरात बोलले. तिला नवव्या वर्षापासून डायबेटिस आहे, इन्सुलिन घ्यावं लागणारा. आता ती युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, पण आमच्याशिवाय, मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात सुट्टीला जाण्याची तिची ही पहिलीच वेळ. दंडावर एक सेन्सर असतो, तो तिच्या रक्तातली साखर मोजतो, आणि तो आकडा तिच्या फोनबरोबर माझ्याही फोनवर दिसतो. इथे लंडनला हॅरोहून ट्रेनमध्ये उभी असताना, भाजी घेताना, देवापुढे बसल्यावरसुद्धा माझा एक डोळा त्या आकड्यावर असतो. भक्ती म्हणावी तर तीच जास्त नेमाने चालली होती.

विमान सुटलं तसं मी स्वयंपाकघरातल्या देवघरातून आईकडून आलेला पितळी गणपती काढला, स्टीलच्या पातेल्यात पाणी भरलं आणि त्याला पाण्यात ठेवलं. आमच्याकडे फार मोठं संकट आलं की देव पाण्यात ठेवतात. मागणं पुरं होईस्तोवर त्याने तसंच बसायचं. सई धडधाकट घरात शिरली की बाहेर काढीन, असं मी त्याला बजावलं. आमचे हे डॉक्टर, पण देवाधर्माच्या आड कधी येत नाहीत. चहा घेताना पातेल्यात डोकावून एवढंच म्हणाले, "अगं, आठवडाभर ठेवणार आहेस? त्याला सर्दी होईल." मला हसू आलं नाही. पोरगी हसतखेळत सुट्टीला गेली होती आणि मी घरात युद्ध मांडून बसले होते.

पहिले दोन दिवस बरे गेले. बाजारातले मसाल्यांचे ढीग, उंटावर बसून किंचाळणाऱ्या मैत्रिणी, असे फोटो येत होते आणि आकडाही शहाण्यासारखा वागत होता. मग ते सगळे डोंगरात चालायला गेले. शनिवार होता. जेवणं उरकल्यावर फोन बघितला तर आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा. मेसेज केला, तो पोचलाच नाही. हे म्हणाले, डोंगरात रेंज नसेल, एवढं काय. बरोबरच होतं त्यांचं. तरी मला बसवेना. ओटा दोनदा पुसला, धुतलेले कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले, आणि शेवटी पातेल्यासमोर जाऊन बसले.

एकवीस मोदक करीन म्हटलं. मग वर्षभराच्या संकष्ट्या धरीन म्हटलं. त्यावर आणखी काहीतरी चढवणार, तेवढ्यात पाण्यातल्या मूर्तीकडे नीट लक्ष गेलं. गंध धुऊन गेलं होतं. सोंडेपर्यंत पाण्यात बुडालेला, गप्प बसलेला. माझ्या लेकीच्या बदल्यात मी त्याला ओलीस धरलं होतं, आणि वर भावही करत होते. मला एकदम भडभडून आलं. लाज वाटली, दमल्यासारखंही झालं. किती वर्षं मी एकटीच हे सगळं धरून ठेवलं आहे, असं मनात आलं. मी त्याला बाहेर काढलं, मऊ कोरड्या पंच्याने पुसलं, गंध लावलं. जास्वंद इथे कुठून आणणार, बागेतलं डॅफोडिल वाहिलं. नैवेद्याला काहीच केलेलं नव्हतं. आमच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर मागे सारलेला असतो. तो काढून वाटीत चमचाभर साखर ठेवली आणि म्हटलं, "ती तुझीच आहे. बघ तू. मला आता जमत नाही."

फोन मी उशीखाली ठेवला आणि चक्क झोपले. संध्याकाळी उठले तेव्हा आकडा परत दिसत होता, खाली सईचा मेसेज होता की डोंगर सुपर्ब आहेत आणि खूप भूक लागली आहे.

खरी गोष्ट कळली ती घरी आल्यावर, वरणभात खाताना. त्या दिवशी त्यांचं सामान खेचरांवर लादून पुढे गेलं होतं. नवा सेन्सर, साखरेच्या गोळ्यांचं पाकीट, सगळं त्या बॅगेत, आणि ती हाती लागली थेट संध्याकाळी. खिशातल्या गोळ्या सकाळीच संपल्या होत्या. चढावर पाठीवरच्या पिशवीचा पट्टा घासून दंडावरचा सेन्सर निघाला. बाकीचे पुढे गेलेले, ही एका मैत्रिणीबरोबर मागे. साखर उतरत चालली होती, पण आपण नुसत्या दमलोय, असं तिला वाटत होतं. एका लहानशा गावात एक म्हातारी दारात बसली होती. तिने हिला पाहिलं, उठून दंडाला धरून आत नेलं आणि पुदिन्याच्या चहाच्या किटलीत साखरेचं हे एवढं ढेकूळ टाकलं. सई हाताने नको नको म्हणत होती. म्हातारी ऐकेना. पहिला ग्लास रिकामा होईस्तोवर समोरून हलली नाही, लगेच दुसरा भरला. तो पिता पिता सईला कळलं की आपले हात केव्हाचे कापत होते, कारण आता ते थांबत होते.

केव्हाची गोष्ट, म्हणून मी विचारलं. दुपारची, म्हणाली. तिथलं घड्याळ आणि आमचं घड्याळ सध्या एकच. वाटीतल्या साखरेचं तिला मी अजूनही सांगितलेलं नाही, कशाने काय झालं याचा हिशेब मांडणारी मी कोण? रागवायचं मात्र पुष्कळ मनात होतं, गोळ्या दुसऱ्या बॅगेत टाकल्याच का म्हणून. तोंडातून भलतंच निघालं.

"चहा कसा होता गं?"

"खूप गोड होता." ती घास हातात धरून थांबली. "आई, यू नो, नऊ वर्षांची असल्यापासून मला सगळे आधी विचारतात, चालेल का, नंबर किती आहे. त्या आजींनी पहिल्यांदाच न विचारता साखर घातली. मला इतकं छान वाटलं."

मी उठून तिला पुन्हा भात वाढला, कारण डोळे भरून आले होते. लेकीला सांभाळ म्हणून मी इतकी वर्षं देवाला सांगत आले, पण सांभाळायचं ते माझ्याच हातांनी, असं मनात गृहीत धरून होते. त्याच्याकडे माझ्याखेरीजही हात आहेत, हे मला कधी सुचलंच नाही. त्या आजींचं नाव सईने विचारलं नाही, भाषाच येत नव्हती. मी रोज हात जोडते तेव्हा आधी त्यांच्या घरी सगळं क्षेम असू दे म्हणते, आणि मग सईसाठी मागते.