रविवारचं कुलूप

ऑनर टूही आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून जहाजाने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत उतरली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा सोन्याच्या खाणीत गाडला गेला, तेव्हा तिने त्याच्याच तंबूत चार बाकडी टाकून खाणावळ काढली. पुढे तंबूच्या जागी लाकडी घर झालं, घरात दारूचा गुत्ता आला. सुइणीचं काम मात्र ती आईकडून शिकून आली होती.

त्या रविवारी दुपारी गावातली डिलिया किनान ऑनरच्या मागच्या खोलीत बाळंतपणात अडली होती. ऑनरने रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या गाठी सोडल्या. वेण्या, बुटांच्या नाड्या, कांद्यांच्या माळासुद्धा. पेट्याकपाटांची कुलपं काढली. घरात काही बंद राहिलं की मूल आतच अडतं, असं क्लेअरच्या बायका मानत.

"अजून काहीतरी बंद आहे, मावशी," डिलिया कण्हली.

"तुझं तोंड नाही, एवढं नक्की."

पण ऑनरला ठाऊक होतं. गुत्त्याचं दार बंद होतं. रविवारी दारूविक्रीला बंदी होती; ते उघडं सापडलं तर परवाना जाणार, आणि मंगळवारीच परवान्याची सुनावणी होती. वीस वर्षांचं सगळं त्या दाराआड उभं होतं. रिवाज खरा की खोटा, याचा तिने कधी निकाल लावला नव्हता. भ्यालेलं अंग आवळून बसतं, एवढं मात्र तिच्या हातांना कळत होतं.

तिने दार सताड उघडलं. बाहेरचे खाणकामगार हळूच आत सरकले.

"कूनन, थेंबाला हात लावलास तर पुढचं बाळंतपण तुझं."

"नुसता वास घेतोय, बाई," म्हातारा कूनन म्हणाला आणि त्याने टोपी काढली. बाकीच्यांनीही काढल्या.

हवालदार प्रिंगल आला तेव्हा सहा माणसं भरल्या पिंपांसमोर प्रार्थनेला उभी असल्यासारखी गप्प होती.

"दार उघडं आहे, बाई."

"मूल येईपर्यंत उघडंच राहील. लिहून घ्या."

त्याने लिहिलं.

"पेले कोरडे आहेत, तेही लिहा," कूनन म्हणाला. "असे पुन्हा दिसायचे नाहीत."

"आणि आत आलाच आहात, तर बुटांच्या नाड्या सोडा," ऑनर म्हणाली.

प्रिंगल स्कॉटलंडचा, असल्या गोष्टींना हसणारा. आतून डिलिया ओरडली. तो खाली वाकला.

तासाभराने मूल रडलं.

मंगळवारी न्यायाधीशांसमोर प्रिंगलने वहीतलं जसंच्या तसं वाचलं: "दार उघडं. पेले कोरडे. मुलगी झाली."

परवाना वर्षभरासाठी वाढला.