दहा मिनिटं आधीचं आमंत्रण

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचं पाऊल आमंत्रणाशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. आमंत्रणही साधंसुधं चालत नाही. घरी येऊन, अक्षत देऊन, घरातल्या बाईला कुंकू लावून करावं लागतं. दादाने, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, नातवाच्या मुंजीचं आमंत्रण मला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं. तो तळमजल्यावर राहतो, मी वर. मी मुंजीला गेलो नाही आणि पुढची चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जयेंद्रगंजातल्या आमच्या लोकांत माझं कौतुकच झालं. समाजाच्या बैठकीत मी 'आपल्या चालीरीती टिकल्या पाहिजेत' यावर बोललोसुद्धा.

गेल्या वर्षी गच्चीवरच्या खोलीत जावा बेटावरची एक मुलगी भाड्याने राहायला आली, गाणं शिकायला. नव्या घरात आलं की तिच्या गावी शेजाऱ्यांना जेवायला बसवतात, त्याला स्लामतान म्हणतात, असं तिने सांगितलं. मी उत्साहाने यादी करायला घेतली. तिने यादीकडे बघितलंही नाही. लगतचं एकही घर वगळायचं नसतं, म्हणाली, आणि बोलवायचं अगदी आयत्या वेळी. मला हे भलतंच वाटलं. माणसाला रुसायलाही थोडा अवधी हवा की नको?

रविवारी संध्याकाळी तिने दार वाजवलं. "अंकल, दस मिनट में नीचे आ जाइए." नकाराचं कारण सुचेपर्यंत मी लेंग्यावरच खाली पोचलो होतो. दादाच्या दारासमोरच्या स्कूटर हलवून तिने चटया अंथरल्या होत्या. मधे पिवळ्या भाताची उंच मूद. शेजारचा मिठाईवाला होता, समोरचे डॉक्टर होते आणि दादा होता. जागा एकच उरली होती, दादाच्या शेजारची.

ती तिच्या भाषेत थोडं बोलली, मग तिने दुवा मागितली. आम्ही आमीन म्हणालो. आमच्या कुळात हे बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं. चार घास खायचे आणि उरलेलं घरच्यांसाठी बांधून न्यायचं, एवढंच जेवण. आग्रह कुणीच करेना. आग्रहावाचून वाढलं तर ज्यांना अपमान वाटतो, अशा आम्हा दोघा भावांना मुकाट्याने जेवावं लागलं.

सगळे आपापली पुडी बांधू लागले. दादाला गाठ मारता येईना. त्याचा उजवा हात थरथरत होता, थांबतच नव्हता. थोडा भात चटईवर सांडला. मी त्याच्या डोक्यावर राहतो, त्याच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतात, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. मी त्याच्या हातातून पुडी घेऊन बांधून दिली आणि कधीपासून, असं विचारलं. दोन वर्षं होतील, तो म्हणाला.

"सांगायचं तरी."

"कुणाला?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.