झटका बसलेला दोर

शाळेच्या दोरांची खोली सांभाळणाऱ्या दोरमामांना भूगोलाचे सर खरं म्हणजे ओळखतच नव्हते. अकरा वर्षं दोघांनी एकाच आवारात काढली, रोज एकाच बाकावर बसून जेवले. पण मामांचं गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, रविवारी दुपारी ते डोंगरामागे एकटेच कुठे जातात, हे सरांनी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे लक्षात आलं तोवर विचारायची सोय उरली नव्हती.

आणि आता मुलांचं पत्र आलं होतं. मुलं कसली, चाळिशी ओलांडलेली माणसं. नववीचं एक वर्ष ती त्या डोंगरातल्या निवासी शाळेत राहिली होती. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस डोंगर. लाकडं फोडल्याशिवाय अंघोळीला गरम पाणी नाही. त्या वर्षाच्या आठवणींचं पुस्तक काढायचं होतं. 'सर, मामांवर तुम्हीच लिहा. तुमची गट्टी होती.' सोबत आलेल्या आठवणींचा गठ्ठा सरांनी तीन आठवडे कपाटात ठेवला आणि मग एका सकाळी चष्मा पुसून उघडला.

जवळजवळ प्रत्येकाने मामांबद्दल लिहिलं होतं. दोरांच्या खोलीत चप्पल घालून गेलं की खैर नसायची. एकाचा पाय दोरावर पडला, तो म्हणाला, "सॉरी मामा." मामा म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग." तेव्हा त्याने खरंच खाली वाकून दोराची माफी मागितली होती. डोळे बांधून गाठ मारायला लावायचे. कोणी कुरकुरलं की म्हणायचे, "कड्यावर तुझे डोळे तसेही मिटणार आहेत. आत्ताच सवय कर."

सर हसले, आणि पुढचं पान एका उंच मुलीचं निघालं. तिला सगळे 'शिडी' म्हणायचे. मग हसू आटलं.

खोलीत प्रत्येक दोराची खुंटी वेगळी होती. खुंटीला कार्ड, कार्डावर दोर कधी आला, किती वेळा वापरला, कधी भिजला, सगळं मामांच्या ठसठशीत अक्षरात. आणि मामांचा एक नियम होता. ज्या दोराला जोराचा झटका बसला, तो वरून कितीही धडधाकट दिसो, त्याच दिवशी कापायचा. हात-हातभर तुकडे करून मुलांना गाठींच्या सरावाला द्यायचे. आख्खा ठेवला तर उद्या कोणीतरी चुकून उचलेल.

त्या दिवशी शिडी कातळावर चढत होती आणि खाली तिचा दोर सरांच्या हातात होता. शेजारच्या मुलीच्या हेल्मेटचा पट्टा लागत नव्हता, म्हणून सरांनी उजव्या हाताचा कातडी मोजा काढला. तेवढ्यात शिडीचा पाय सुटला. दोर सरांच्या तळहातातून सरसर निघाला. सरांनी आवळला तोवर ती दोन माणसांच्या उंचीइतकी खाली आली होती. दोराने तिला धरलं, पण त्याआधी कंबर कातळाच्या टप्प्यावर आपटली होती.

तिला दवाखान्यात नेल्यावर सर दोरांच्या खोलीत जाऊन बसले. मामांनी त्यांचा तळहात उघडून पाहिला. आडवा, लाल, सोललेला पट्टा. मलम लावलं, चिंधी बांधली. मग मोठी कात्री काढली आणि नियमाप्रमाणे दोर कापायला बसले. सर समोरच होते. थांबा म्हणावं हे त्यांनाही सुचलं नाही.

आठवड्याने चौकशीला तिघे जण आले.

"पुरावा कापून टाकलात?"

"झटका बसलेला दोर मी ठेवत नाही, साहेब."

"कुजका नव्हता कशावरून?"

"कार्डावर आहे की. सगळं मिळून बारा वेळा वापरलाय."

"कार्ड कोण लिहितं?"

"मीच."

"वा! आरोपीही तुम्हीच, साक्षीदारही तुम्हीच."

मग ते सरांकडे वळले. "सर, दोर हातातून सुटला, की दोरच कच्चा निघून ताणला गेला?"

मामा पलीकडे उभे होते. सरांची मूठ टेबलाखाली मिटलेली होती. उघडली असती तर एका शब्दाचीही गरज नव्हती.

"ताणला... असावा," सर म्हणाले. "नक्की नाही सांगता येणार."

मामांनी मान वर केली नाही. मलमाचं बोलले नाहीत. का बोलले नाहीत, हे सरांना तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. महिनाअखेरीस मामांना जायला सांगितलं.

शिडीने लिहिलं होतं: 'मी अजून लंगडते. मामा दवाखान्यात आले होते. दोराचा तुकडा उशाशी ठेवून म्हणाले, याने तुला सोडलं नाही बरं का. तो अजून माझ्याकडे आहे, एक धागासुद्धा उसवलेला नाही. मामा शाळा सोडून का गेले, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सर, तुम्हाला ठाऊक असेल. भेटायचं होतं, पण शोध लागला तेव्हा ते जाऊन चार वर्षं झाली होती.'

सरांनी कोरा कागद पुढे ओढला. 'दोरमामा' एवढंच लिहिलं आणि उजवा हात उघडून पाहिला. तिथे आता काही दिसत नव्हतं.

मामा निघाले ती दुपार त्यांना लख्ख आठवत होती. सर फाटकापर्यंत गेले होते ते सगळं सांगायचंच असं ठरवून. मामांच्या हातात पत्र्याची पेटी होती. लांबून बस येताना दिसत होती.

"मामा," सर म्हणाले, आणि पुढचं काही येईना.

मामांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"सर, हिरवा दोर ओला आहे अजून. उन्हात नका टाकू देऊ कोणाला."

"नाही टाकू देत."

"सावलीतच वाळवा."

"हो. सावलीतच."