आंधळ्यांची मुकादम

पेठच्या अलीकडं नाशिक रस्त्याला लागून जी वाडी आहे, तिथं कुशाबाईला लोक ‘आंधळ्यांची मुकादम’ म्हणायचे. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो, तशी ही आंधळ्यांना. नावं ठेवणाऱ्यांचं काय जातंय? पण घरातलं म्हातारं भिंत चाचपडायला लागलं की हीच माणसं तिच्या दारात येऊन बसायची. म्हाताऱ्याला दिसायला लागलं की बाजारात ओळख द्यायची नाहीत. गरज सरो, वैद्य मरो.

बाई शिकलेली नव्हती, पोळलेली होती. नवरा पारगावच्या बाजूला ऊस तोडायला गेला आणि उसाचं पातं डोळ्यात लागलं. एकानं सांगितलं बाळंतिणीचं दूध घाल, दुसऱ्यानं सांगितलं मध घाल. हिनं सगळं घातलं. आधी तो डोळा गेला, मागोमाग दुसरा गेला, आणि एका दुपारी माणूस स्वतःच्याच विहिरीत पडून मेला. दवाखान्यात वेळेत नेला असता तर डोळा राहिला असता, हे तिला पुढं कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं.

नव्वद सालाच्या पुढचे दिवस. गावोगाव डोळ्यांची शिबिरं भरायला लागली होती. कुशाबाई निंदणी-खुरपणी सांभाळून मोतीबिंदूवाल्यांना गोळा करायची, मंचरला न्यायची, तिथून पुण्याला. ज्यांचे डोळे काही केल्या येणारच नव्हते, त्यांच्या घरी जाऊन सुनांना दम द्यायची, “ताट पुढं आदळू नका. भाकरी कुठं, कालवण कुठं ते सांगा. त्याला डोळे न्हाईत, अक्कल हाये.” सुना तोंडावर हो म्हणायच्या आणि पाठ फिरली की हसायच्या.

याच वाडीत धोंडाबाईचं बागायतीचं घर. तिचा मुलगा सुदर्शन कारखान्यावर कामाला. त्याची पोर हर्षाली सहा वर्षांची झाली तरी दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पडदा. उजेड-अंधार तेवढा कळायचा. कुशाबाईनं त्या घराचे उंबरे झिजवले आणि शेवटी सुदर्शनला राजी केला. पोरीला पुण्याला नेली ती तिनंच, कारण पोरीची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. डॉक्टर म्हणाले, आज एक डोळा करू, दोन महिन्यांनी दुसरा. पण उशीर करू नका. या वयात नजर बघायला शिकते, वय गेलं की ऑपरेशन करूनही काही दिसणार नाही.

ऑपरेशन झालं, पट्टी काढून डोळ्यावर आरपार दिसणारं प्लॅस्टिकचं झाकण बसवलं, आणि परतताना स्टँडवर पोरीनं बोट केलं. “त्ये लाल काय हाये?”

“येष्टी हाये बाळा.”

“येवढी मोठी?”

कुशाबाई तिथंच बाकावर बसून रडली. इतकी म्हातारी-कोतारी तिनं नेली-आणली, पण असं तिला कधी झालं नव्हतं.

आणि मग देव आडवा आला. देव कसला, माणसंच. धोंडाबाईनं खंडोबाला नवस बोलून ठेवलेला होता की नात बघायला लागली की तळी भरीन आणि तिच्या अंगावर भंडारा उधळीन. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिना धूळ नको, पाणी नको, हात नको. कुशाबाई हात जोडून सांगत राहिली, “जरा दम धरा. देव कुठं पळून चाललाय?” धोंडाबाई म्हणाली, “डॉक्टरसाठी देवाला थांबवू व्हय?” आणि पुढच्याच रविवारी घरचे सगळे देवळात.

तळी उचलायची तर पाच पुरुष आणि घरच्या सवाष्णी पुढं. विधवेनं पायरीखाली थांबायचं. कुशाबाई थांबली. तिथूनच तिला दिसलं की सुदर्शननं पोरीच्या डोळ्यावरचं झाकण काढलं. का, तर पोरीनं पहिल्यांदा देव बघायचा, मग मध्ये झाकण कशाला? बघा ही माया! कुशाबाई ओरडत पायरी चढली. दोघी जणींनी तिला दंडाला धरून मागं ओढली, “शुभकार्यात कुठं शिरतीस?” तेवढ्यात येळकोट येळकोट झालं आणि मुठीमुठीनं हळद उडाली. पोरगी किंचाळली आणि दोन्ही हातांनी डोळा चोळायला लागली. कुणीतरी शहाण्यानं वरून तांब्यातलं तीर्थ मारलं.

डोळा सुजला, लाल झाला, पू आला. धोंडाबाई म्हणाली, देवाचा भंडारा कधी बाधत नाही. पोर कण्हत पडली आणि हे लोक अंगारे लावत बसले. दवाखान्यात नेली तोवर डोळा गेला होता.

आता कुणाचं तरी पाप निघायला पाहिजे. देवाचं निघत नाही, आजीचं निघत नाही, बापाचं तर नाहीच. उरली कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी. विधवेच्या हातानं पोर नेली, तिच्या सावलीत निजवली, मग डोळा राहील कसा? महिनाभरात सगळी वाडी हेच बोलायला लागली.

कुशाबाईला स्वतःची पर्वा नव्हती. तिला घोर होता दुसऱ्या डोळ्याचा. तो अजून शाबूत होता, पडदा काढला की पोरीला दिसणार होतं, आणि दिवस चालले होते. ती रोज जाऊन ओट्याखाली उभी राहायची. “मी हात लावत न्हाई. मी संगं येत न्हाई. शाळेच्या मास्तरांबरोबर धाडा, पण धाडा.”

शेवटी धोंडाबाई म्हणाली, “धाडते. पण आधी बेलभंडारा उचल. तुझ्या पायगुणानं डोळा गेला म्हून देवापुढं कबूल कर.”

बेलभंडारा उचलून बोललेलं म्हणजे आपल्याकडं काळ्या दगडावरची रेघ. कुशाबाईला ते ठाऊक होतं. तरी ती गेली. सगळी वाडी जमली होती, ज्यांना तिनं डोळे मिळवून दिले तेही पुढं उभे राहून टकामका बघत होते. तिनं बेल आणि हळद हातात घेतली आणि म्हणाली, “माझ्या पायगुणानं पोरीचा डोळा गेला.” एकाही माणसानं ‘नाही’ म्हटलं नाही. लाज नाही वाटली कुणाला.

दुसऱ्या दिवशी ती विचारायला गेली, पोरीला कधी धाडता? धोंडाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आता कशाला? दोष कुणाचा त्ये सापडलं. देवाचा राग गेला. दुसरा डोळा त्योच देईल.”

कुशाबाई म्हणाली, “आवं, म्या खोटं बोलले. पोरीसाठी खोटं बोलले. तुमच्याच भंडाऱ्यानं गेला डोळा.”

“बेलभंडारा उचलून खोटं बोललीस?” धोंडाबाईनं आता कुठं तिच्याकडं बघितलं. “मग तुझ्या जिभेवर मी पोरीचा डोळा सोडू व्हय?”

सुदर्शन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि सायकल काढून कारखान्यावर निघून गेला.

त्यालाही कधीतरी अक्कल आली, पण पोर दहा वर्षांची झाल्यावर. डॉक्टरांनी पडदा काढला, आणि पोरीला आधी दिसायचा तेवढाच उजेड दिसत राहिला. कुशाबाईबरोबर तोवर कुणीच जाईनासं झालं होतं. शिबिराची गाडी यायची आणि वाडीतून रिकामी जायची. तिनंच देवापुढं सांगितलं होतं ना, आपल्या पायगुणानं डोळा गेला म्हणून.

एकदा हर्षाली नाशिक रस्त्याच्या कडेला एकटीच उभी होती. ट्रकांची रीघ लागलेली, पोरीला पलीकडं जायचं होतं. कुशाबाई धावत गेली. “चल बाळा, मी नेते पल्याड.”

“कोण?”

“मी. कुशाबाई.”

पोरीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. “तुमी नका धरू मला. एक डोळा तुमच्यामुळंच गेलाय. तुमीच सांगितलंय देवापुढं.”

आणि कुणीतरी दुसरं येईपर्यंत पोर तिथंच उभी राहिली.