शर्ट नको, माणूस पाठवा

मॅडम कुठंही गेल्या की आधी मोजायच्या. पर्समधून शिंप्याची पिवळी टेप निघायची, एक टोक बुटाखाली दाबलं जायचं आणि दुसरं थेट एखाद्या पोराच्या डोक्यावर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते येरवड्यातल्या एका वस्तीच्या समाजमंदिरात. तिथल्या खोलीत घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालायचं आणि मी संध्याकाळी तिथंच मोठ्या मुलांचा अभ्यास घ्यायला जायची. मॅडम गुडघ्यांवर बसून तीन वर्षांच्या चिमीची उंची घेत होत्या. कंपनीकडून हात धुवायची बेसिनं येणार होती.

"बेसिन मोठ्यांच्या उंचीवर बसवायचं आणि पोरं हात धूत नाहीत म्हणून त्यांनाच व्याख्यान द्यायचं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हे मला जमणार नाही. धर गं, हे टोक धर."

मी धरलं. नाव विचारायच्या आधी त्यांनी मला कामाला लावलं होतं.

नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या कंपनीत त्या सामाजिक कामाच्या विभागात होत्या. कंपनीकडून येणाऱ्या सगळ्यांना वस्तीत 'सीएसआरवाले' म्हणत. फक्त यांना 'टेपवाल्या मॅडम'. आडनाव शेख, राहायला कसबा पेठेत, आणि टेप वडिलांची. वडिलांचं तिथं एका खणाचं शिंपीकामाचं दुकान होतं. "अब्बांकडे लोक नमुन्याचा शर्ट पाठवायचे, यावरून शिवा म्हणायचे," त्या सांगायच्या. "अब्बा तो तसाच परत पाठवायचे. शर्ट नको, माणूस पाठवा. अहो, शर्ट शिवला तेव्हा माणूस वेगळा होता. आता पोट सुटलं असेल, खांदा पडला असेल. शर्टाला काय माहीत?" त्यापायी गिऱ्हाइकं गेली, असंही त्या सांगायच्या आणि त्याचं त्यांना फारसं दुःख दिसायचं नाही.

माझं सीएसआरवाल्यांबद्दलचं मत तेव्हा पक्कं होतं. विश्रांतवाडीतल्या आमच्या घरात गाद्यांखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये पत्रकं असत. पप्पा सरकारी कार्यालयात कारकून. सभा असो, मोर्चा असो, जयंती असो, मजकूर त्यांचाच. मी अक्षरं ओळखायला शिकले ती या पत्रकांवरून, आणि उद्गारचिन्ह हे पूर्णविरामाचंच मोठं भावंड आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. दान हा हक्क मारण्याचा सभ्य मार्ग आहे, हे मी दहाव्या वर्षी पाठ म्हणत होते. आजही ते मला खरं वाटतं. मॅडमना मी ते पहिल्याच आठवड्यात सुनावलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. आता त्या खिडकीची उंची सांग, पत्रकबाई." तेव्हापासून माझं नाव पत्रकबाई.

दरवर्षी कंपनीतली तीस-चाळीस मुलंमुली एक दिवस वस्तीत यायची. सगळ्यांच्या अंगात एका रंगाचे टी-शर्ट. समाजमंदिराची पुढची भिंत रंगवायची, तिच्यासमोर फोटो काढायचा आणि बसमध्ये बसायचं. दर वर्षी तीच भिंत. कधी फुलपाखरं, कधी पृथ्वीचा गोल, कधी पुस्तक वाचणारी मुलगी. शेजारच्या म्हाताऱ्या अनुसयाबाई म्हणायच्या, "रंगानं भिंत जाड झाली. आणखी दोन वर्षांनी आत बसायला जागा राहायची नाही."

मॅडमनी ते ऐकलं आणि बायकांना विचारलं, मग काय हवंय? उत्तर आलं, फॉर्म भरून द्या. रेशन कार्डावरची नावं, जन्माचे दाखले, आधारवरचे चुकलेले पत्ते. त्या वर्षी चाळीस पोरं सतरंजीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि समोर कागदांच्या पिशव्या घेऊन अख्खी वस्ती. एक मुलगा हळूच मॅडमजवळ आला. "मॅम, पण फोटोमध्ये काय दिसणार? सगळ्यांच्या फक्त पाठी येतायत."

"काम करताना माणसाची पाठच दिसते," मॅडम म्हणाल्या. "काढा."

तो फोटो कंपनीच्या मासिकात आला नाही. अनुसयाबाईंचं रेशन कार्डावरचं नाव मात्र दुरुस्त झालं.

मग कंपनीत वरच्या कुणीतरी ठरवलं की कंपनीच्या पैशावर चालणारं ते पाळणाघर बंद करायचं आणि त्या खोलीत संगणक कक्ष करायचा. संगणक अहवालात चांगले दिसतात, झोपलेली मुलं दिसत नाहीत. मॅडम विरोध करत होत्या, पण मला तेवढा धीर नव्हता. मी एका दमात पत्रक लिहून काढलं. 'भीक नको, हक्क हवा! कंपनीवाल्यांनो, वस्तीतून चालते व्हा! पाळणाघर ही महापालिकेची जबाबदारी आहे!' पप्पांनी वाचून पाठ थोपटली. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी ते कंपनीच्या गेटवर कार्यालय सुटताना वाटलं. चांगलं वाटलं, हे कबूल करते.

आठवड्याभरात कंपनीचा निरोप आला. वस्तीला आम्ही नको असू, तर संगणक कक्ष नाही आणि महिनाअखेरीपासून पाळणाघरही नाही.

त्या संध्याकाळी चिमीची आई, संगीताताई, अभ्यासाच्या वेळी दारात येऊन उभी राहिली. ती कल्याणीनगरमध्ये तीन घरी पोळ्या करायची. हातात माझं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं. "हे 'चालते व्हा' तू लिहिलंस ना? ते गेले तर माझी पोरगी कुठं ठेवू? तुझ्या घरी आणून टाकू?" मुलं टकामका बघत होती. ती गेल्यावर मी त्यांना गुणाकार शिकवला की भागाकार, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या घरी आल्या. पप्पांनी "जय भीम" म्हणून स्वागत केलं, त्यांनीही "जय भीम, भाऊ" म्हणून चप्पल दारात काढली. चहा होईपर्यंत पत्रक दोनदा वाचलं. मला वाटलं, आता चिडतील.

"भाषा खणखणीत आहे," त्या म्हणाल्या. "माप कुणाचं घेतलंस?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"संगीताला विचारलंस? बाकीच्या आयांना? हे भाऊंच्या जुन्या पत्रकांवरून शिवलंयस. शिवण सुंदर आहे. पण माणूस पाठवला नव्हता."

पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा पत्रकाच्या बाबतीत माझी बाजू घेतली नाही. चहात साखर ढवळत बसले.

मॅडमनी कंपनीत भांडून एक बैठक मिळवली होती. तिथं नेण्यासाठी नवीन कागद हवा होता आणि तो बायकांनी सांगायचा, मी फक्त लिहायचा, असं ठरलं. रविवारी दुपारी पाळणाघरात सगळ्या आया जमल्या. मॅडमनी पहिलाच साधा प्रश्न विचारला, सकाळी घरातून किती वाजता निघता?

"साडेसात."

"सव्वासात."

"मी सात. माझ्या मॅडमना जिमला जायचं असतं."

पाळणाघर दहाला उघडायचं. कारण कार्यालयं दहाला उघडतात. सात ते दहा ही पोरं कुठं असायची? संगीताताईनं सहज सांगितलं, "मोठी सांभाळते की." मोठी म्हणजे तिची सहावीतली मुलगी. तिची शाळा सकाळची. वस्तीतल्या पाच मुली अशाच रोज उशिरा शाळेत पोचत होत्या किंवा पोचतच नव्हत्या. त्यातल्या दोघींना मीच संध्याकाळी 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून रागावत होते.

मॅडम टेप बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "वर्षभर येतेय मी इथं. पोरांची उंची घेतली, बेसिनाची घेतली, खिडकीची घेतली. वेळेचं माप घ्यायचं राहिलं. चूक माझी आहे, बायांनो." कंपनीच्या माणसानं वस्तीत सतरंजीवर बसून चूक कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. त्यानंतरही पाहिलेली नाही.

कागद एक पानाचा झाला. पाळणाघर सात ते तीन हवं. सांभाळायला वस्तीतल्याच दोन बायका हव्यात. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. महापालिकेच्या जबाबदारीचं वाक्य मी स्वतःच खोडायला गेले, तर मॅडमनी माझा हात धरला. "ते ठेव. ते खरं आहे. कंपनी आज आहे, उद्या नसेल. मीसुद्धा."

बैठकीला बायका गेल्या, मी कोपऱ्यात. मोठे साहेब सभ्य होते. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "सकाळी सात? इतक्या लवकर माणसं कामावर यायची कशी?"

संगीताताई म्हणाली, "साहेब, इतक्या सकाळी तुमच्या घरी पोळ्या कोण करतं?"

उत्तर साहेबांच्या डब्यात होतं.

पाळणाघर राहिलं, सातचं झालं. संगणक जवळच्या शाळेत गेले, तिथं खोली रिकामीच होती. महापालिकेकडचा आमचा अर्ज अजून टेबलं बदलतो आहे आणि मी त्याच्यामागं चालते आहे. पत्रकं मी आजही लिहिते. अजून रागानंच लिहिते. पण छापायला देण्याआधी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचते. बहुतेक वेळा निम्मं पान खोडावं लागतं. पप्पा म्हणतात, धार गेली. अनुसयाबाई म्हणतात, आता कळतं.

मॅडमना त्या बैठकीनंतर, तुम्ही नोकरी कुणाची करता, असं विचारण्यात आलं म्हणे. मग त्यांची बदली झाली, मुख्य कार्यालयात, अहवाल लिहिण्याच्या विभागात. "आता शर्टांच्या घड्या घालायच्या," एवढंच त्या म्हणाल्या.

निरोपाला बायकांनी शाल आणि नारळ आणून ठेवला होता. मॅडमनी सांगितलं, येईन, पण सातला, मला उघडताना बघायचंय. त्या आल्या. आणि सातला कोण थांबणार? बायका येत होत्या, पोरं आत देत होत्या, "मॅडम, जाऊ नका हां, विसरू नका हां," म्हणत पाठ फिरवून पळत होत्या. शाल कपाटातच राहिली. शेवटी संगीताताई धापा टाकत आली. मागून मोठी मुलगी दप्तर लावून शाळेच्या दिशेनं वळली. संगीताताईनं इकडं तिकडं पाहिलं, चिमीला मॅडमच्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "धरा जरा. माझी बस आली."

मॅडमनी धरलं. पर्स खांद्यावरून घसरली, टेप बाहेर आली आणि चिमीनं तिचं टोक तोंडात घातलं. मॅडम ते काढून घेत नव्हत्या. त्या बसकडे धावणाऱ्या बायकांच्या पाठी बघत उभ्या होत्या.