पीयूसीच्या शेडमधले नापास

पीयूसी केंद्रात गाडी दहा मिनिटं थांबते आणि माणूस तासभर. सायलेन्सरमध्ये एकदा पाइप गेला की गाडीमालकाच्या हाताला काही काम उरत नाही. मग तो बोलायला लागतो, आणि बोलतो ते गाडीची बाजू घेऊन. "मॅडम, कालच लांबून आली, दमलीय." "मॅडम, पेट्रोलच खराब मिळालं." "मॅडम, तिला नव्या माणसानं हात लावलेला चालत न्हाई." गाडीचे आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात. हे बोलणं कुठंच जात नाही, ते सगळं माझ्याकडे साचत गेलंय.

भोकरदनहून जालन्याकडे निघालात की डाव्या हाताला निळ्या पत्र्यांचं शेड दिसतं, ते आमचं केंद्र. मशीनवर मी. बाहेर खुर्चीवर माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गाडी वळणावर असतानाच ते आवाजावरून निकाल सांगतात, आणि मशीन मागाहून तेच सांगतं. रस्त्याच्या पलीकडे जमील मिस्त्रींचं गॅरेज आहे. माझ्याकडे नापास झालेली गाडी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जाते, म्हणून आमच्या उद्घाटनाला सगळ्यात मोठा हार त्यांनीच आणला होता.

पूर्वी हे काम सोपं होतं म्हणतात. नंबर सांगायचा, कागद घ्यायचा. मग नियम बदलले. नव्या गाड्यांच्या धुराची मर्यादा कडक झाली. गाडीचा फोटो जागेवरच काढायचा, मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाणार, आणि गाडी नापास झाली तर कारण लिहिलेली स्लिप हातात द्यायची. मी शाळेतली क्लार्कची नोकरी सोडून हे मशीन घेतलं तेव्हाच ठरवलं, पाइप आत गेल्याशिवाय कागद नाही. गावातल्या शहाण्यांनी लगेच भविष्य सांगितलं, "तीन महिन्यांत कुलूप लागतंय." खरं सांगते, मलाही तीच भीती होती.

* * *

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ एसटीतून उतरले. जालना एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला. हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी मोटारसायकलची नंबर प्लेट काढली, रुमालानं पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"काढा फोटो."

"गाडी कुठंय?"

"गाडी घरी हाय. तिचं काय काम? नंबरचा फोटो लागतो म्हणले, म्हणून सकाळपासून नट खोलू राह्यलो."

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. "अन् धूर कसा तपासायचा?"

"धूर मी सांगतो ना. निळसर हाय. सकाळी जास्ती, दुपारी जरा कमी."

इतका प्रामाणिक रिपोर्ट मी अजून कुठल्याही मशीनकडून ऐकलेला नाही. पुढच्या सुट्टीला ते गाडी घेऊन आले. धूर निळसरच होता.

* * *

त्याच महिन्यात कडुबाचा टेम्पो आला. कडुबा भोकरदनला राहतो. सकाळी रिकामा टेम्पो घेऊन धावड्याला जायचं, तिथल्या नऊ पोरींना इथल्या शाळेत आणायचं आणि दुपारी परत सोडायचं, हे त्याचं काम. शाळेच्या वेळेला जुळणारी बस नाही, त्यामुळे त्या पोरींचं शिक्षण म्हणजे कडुबाचा टेम्पो. शाळेनं त्याला बजावलं होतं की दिवाळीच्या सुट्टीनंतर पीयूसी नसलेली गाडी फाटकात घेणार नाही.

टेम्पो वळणावर होता तेव्हाच अण्णा म्हणाले, "पोरी, ही न्हाई होत पास." ॲक्सिलेटर दाबला आणि शेडमध्ये दिवसाढवळ्या अंधार झाला. थोडक्यात हुकला असता तरी वाईट वाटलं असतं. हा तर चांगलाच नापास झाला.

कडुबा स्लिप उलटसुलट करून बघत राहिला. "ताई, टेम्पो बंद पडला तर मी काही बी दुसरं काम करीन. पण ह्या पोरी घरी बसतील. अन् एकदा घरी बसली पोरगी, की परत न्हाई निघत."

त्याला कागद दुसरीकडे कुठंतरी मिळालाही असता. तो का गेला नाही, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

* * *

आमचं मशीन तपासायला संभाजीनगरहून एक इंजिनिअर येतो. त्याच्याकडे गॅसची बाटली असते. त्यात कोणता वायू किती आहे हे आधीच ठाऊक असतं, आणि मशीननं तोच आकडा दाखवायचा असतो. त्या दिवशी आमच्या मशीननं भलताच दाखवला. इंजिनिअरनं तीनदा करून बघितलं आणि मान हलवली. बाहेर चार गाड्या रांगेत.

बातमी रस्त्यापलीकडे जायला वेळ लागला नाही. जमील मिस्त्री हात पुसत आले, मशीनकडे दयेनं बघितलं आणि म्हणाले, "नापास झालं का? मंग इथं कायको ठेवलं ताई? समद्या नापासांना तुम्ही आमच्याकडंच पाठवता ना?"

मी पाटीवर 'तांत्रिक कारणास्तव बंद' लिहायला घेतलं. अण्णांनी माझ्या हातातला खडू धरून मला थांबवलं. "गाडीवाल्याला कारण लिहून देती ना तू? मंग मशीनचं बी लिही."

मग मी लिहिलं : 'आमचे मशीन तपासणीत नापास झाले आहे. दुरुस्तीपर्यंत केंद्र बंद. या आठवड्यात तपासलेल्या गाड्यांनी पुन्हा यावे.'

दुपारपर्यंत त्या पाटीचा फोटो तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. लोक हसण्याचे इमोजी टाकत होते. माझ्या माहेरच्या ग्रुपवर भावानं विचारलं, "ताई, हे तुझंच का?" मला वाटलं, आता कुलूप लागायला तीन महिनेसुद्धा नकोत.

मशीन दुरुस्त होऊन आलं त्या सकाळी मी शटर वर केलं, तर रांग पार कापसाच्या जिनिंग मिलपर्यंत गेलेली. पहिल्या नंबरला एक म्हातारबाबा स्कूटरवर बसून होते. म्हणाले, "पार जाफराबादहून आल्तो. जी बाई स्वतःच्या मशीनला सोडत न्हाई, तिचा कागद जवळ असलेला बरा." मी आत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि मगच कामाला लागले. त्या बाबांची स्कूटर नापास झाली, तो भाग वेगळा.

* * *

आपल्याकडे कुठं जायचं म्हटलं की आंघोळ आधी. तपासणीला येणारी निम्मी वाहनं धुऊन, पुसून, हळदी-कुंकू लावून येतात. एका हौशी माणसानं बुलेट धुतलीच, वर पाण्याची नळी सायलेन्सरच्या आतही सोडली. मी पाइप लावायला वाकणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "सरक, मी लावतो." ते वाकले आणि त्या माणसानं उत्साहानं ॲक्सिलेटर पिळला. आतलं सगळं काळं पाणी अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर.

बुलेट पास झाली. अण्णा शर्टाकडे बघत म्हणाले, "हिचा समदा धूर माझ्याकडं जमा हाय. मला तपासू नको फक्त."

* * *

आठवीत मला गणित शिकवणारे सर निवृत्त झाल्यावर भोकरदनलाच राहायला आले. जुनी मोटारसायकल, पण ठेवलेली लख्ख. आले, मला ओळखलं, चहा घेतला. आणि गाडी नापास झाली. अगदी किंचित.

सरांनी चष्मा काढून आकडा बघितला. "एवढ्याशासाठी? अगं, ग्रेस मार्क नावाचा प्रकार असतो की नाही?"

"सर, तुम्ही मला आठवीत दोन मार्कांनी नापास केलं होतं."

"मी?"

"हो सर. मी फार रडले होते. माझे वडील तुमच्याकडे आले होते. तुम्ही म्हणालात, आज सोडली तर पुढं अडकेल. मग सुट्टीभर रोज घरी बोलावून तुम्हीच शिकवलंत."

आपलं काही चुकलं होतं का, असा सरांचा चेहरा. मग हळूच विचारलं, "बरोबर केलं होतं ना मी?"

"एकदम बरोबर केलं होतं सर. म्हणून तर आज ह्या खुर्चीवर बसलेय."

"मग दे ती स्लिप," सर म्हणाले आणि गाडी ढकलत रस्ता ओलांडून गेले. मी बाहेर येऊन त्यांना वाकून नमस्कार करायला हवा होता. रांग होती, राहून गेलं. इथं करते.

* * *

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस उरले आणि धावड्याहून पाच बाया कडुबाच्या टेम्पोतून माझ्याकडे आल्या. पोरींच्या आया. कुणी भांडायला आलेलं नव्हतं, तेच अवघड गेलं. शेतातलं काम टाकून आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ताई, माझ्या घरात दहावीला बसणारी ही पहिलीच पोरगी. तिच्या बापाला तर निमित्तच पाहिजे. एक कागद दे. धुराचं आम्ही बघून घेऊ."

युक्ती मला ठाऊक होती. ह्या धंद्यात ती सगळ्यांनाच ठाऊक असते. फोटो टेम्पोचा काढायचा आणि पाइप शेजारच्या चांगल्या गाडीत घालायचा. आणि शेजारी त्या वेळी एक कोरी डिझेल गाडी उभी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. मी पाइप हातात घेतला. त्या बायांकडे बघितलं. दोन पावलं त्या नव्या गाडीकडे टाकलीही.

अण्णांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. उद्घाटनापासून त्या माणसानं माझ्या कामाकडे कधी पाठ केली नव्हती.

मी पाइप खुंटीला अडकवला. "मावशी, मला न्हाई जमणार," एवढंच बोलले आणि मला रडू आलं. त्या बाया जास्त न बोलता उठल्या. एकीनं जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

पलीकडून जमील मिस्त्री सगळं बघत होते. ते आले, टेम्पोच्या पुढचं झाकण उघडून वाकले आणि आतूनच म्हणाले, "कडुबा, डिझेलचा पंप अन् नोझल, दोन्ही खोलावं लागतंय. सुट्टी लागली की जल्दी आणून लाव. शाळा उघडायच्या आत देतो. बिलकुल काळजी करू नको."

"मिस्त्री, दिवाळीत गिऱ्हाइकांची गर्दी असती तुमच्याकडं."

"गिऱ्हाइक थांबतंय. दहावी थांबत न्हाई."

दिवाळीभर ते गॅरेज बंद असल्यासारखं होतं आणि आतून ठोकण्याचा आवाज येत होता. भाऊबीजेला अण्णा स्वतः तिकडे जाऊन बसले, कानामागे हात धरून, इंजिन ऐकत. आमच्या घरातली शंकरपाळी त्या वर्षी सगळी रस्त्यापलीकडे संपली. माझं केंद्र आज उभं आहे ते ह्या दोन म्हाताऱ्यांमुळे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलणार नाही, कारण दोघंही मग दिवसभर माझी टिंगल करतील.

* * *

टेम्पो आदल्या रात्रीच हाती आला, कागद अजून नव्हता; म्हणून शाळा उघडली त्या दिवशी पोरी टेम्पोनंच आल्या, पण फाटकाच्या बाहेर उतरल्या. दुपारी शाळा सुटल्यावर कडुबा त्यांना घेऊन सरळ माझ्या शेडमध्ये. नऊही पोरी खाली उतरून ओळीत उभ्या राहिल्या. टेम्पोच्या धुरापायी रोजच्यासारखी प्रत्येकीची ओढणी डोळ्यांपर्यंत घट्ट बांधलेली, नुसते अठरा डोळे माझ्याकडे. मी पाइप लावला. कडुबानं ॲक्सिलेटर दाबला. अण्णांनी आज निकाल आधी सांगितला नाही. जमील मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे, पुढेही येईनात आणि मागेही जाईनात.

आकडे आले. मी एकदा वाचले, परत एकदा वाचले आणि मग प्रिंट दिली. पास.

कडुबानं कागद कपाळाला लावला. पोरींनी मिस्त्रींकडे बघून टाळ्या वाजवल्या, मिस्त्री लाजून गॅरेजकडे वळले. सगळ्या परत टेम्पोत चढल्या. इंजिन चालूच होतं. एक पोरगी मागे वाकून सायलेन्सरकडे बघत राहिली. मग तिनं ओढणीची गाठ सोडली आणि ती खांद्यावर घेतली. तिचं बघून दुसरीनं सोडली, मग तिसरीनं, शेवटी सगळ्यांनी.

निघायच्या आधी कडुबा नेहमीप्रमाणे मागे आला आणि बोट करत मोजू लागला. आठपर्यंत आला आणि थांबला. शेवटच्या पोरीकडे बघत राहिला.

"बाळा, तू कोणाची? आपल्या गाडीत न्हाई तू. चुकून चढली का?"

पोरगी हसली. "मामा, मी दोन वर्षांपासून येऊ राह्यले. मी सायलेन्सरच्या बाजूला बसते. ओढणी कधी सोडलीच न्हाई."