आवाज फाडायचा डबा

सौंसरच्या नगरपालिकेत गुलाब सोमकुंवर पाणी सोडायचे. सकाळी लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून निघायचं, रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून फिरवायची, की मोहल्ल्याला नळ यायचा. नळ आला तर त्यांचं नाव कुणी काढत नसे. नाही आला तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण ही झाली नोकरी. मनाने ते कलावंत होते आणि ही गोष्ट ते समोरच्याला पहिल्या दोन वाक्यांत कळवून टाकत. आपल्याला लोकांनी गुलाबराव म्हणावं अशी त्यांची फार इच्छा होती. गावात तसं म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून निदान इथे तरी आपण म्हणू.

त्यांची कला म्हणजे बास गिटार. पांढुर्ण्याच्या भैय्याजी मास्तरांची एक गाणी-पार्टी होती. भैय्याजी स्वतः ऑर्गनवर, सोबत ढोलक, काँगो, एक गाणारा आणि एक गाणारी. एप्रिल-मेमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की पार्टीला गावोगावची बोलावणी येत. नागपूरच्या पार्ट्यांत बास गिटार असते, मग आपल्यात का नको, असं भैय्याजींना वाटलं, आणि नागपुरात कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली चार तारांची गिटार गुलाबरावांच्या गळ्यात आली. ते मन लावून शिकले. वाजवायचेही बरं. फक्त ऐकू यायचं नाही.

यात गुलाबरावांचा दोष नव्हता, दोष भोंग्यांचा होता. झाडाला बांधलेले ते दोन भोंगे जन्मले चिरक्या आवाजासाठी. गाणारीचा आवाज पार नदीपलीकडे जायचा, पण बासचा जाड, खालचा सूर भोंग्यातून बाहेरच पडत नसे. तो यायचा फक्त स्टेजच्या एका अंगाला ठेवलेल्या मोठ्या लाकडी स्पीकरमधून, आणि तिथे बायका-लेकरांची बसायची जागा असायची. पुरुष मंडळींना दिसायचं ते एवढंच, की एक माणूस गिटार गळ्यात घालून, कपाळाला आठ्या घालून, खांबासारखा उभा आहे.

गुलाबरावांची सासुरवाडी रामाकोन्याची. सासरे नत्थूजी जुने खंजिरी वाजवणारे, मोठ्या कानाचे आणि त्याहून मोठ्या तोंडाचे. त्यांनी एका लग्नाच्या मांडवात चारचौघांत सांगून टाकलं, "आमचे जवाईबापू पार्टीत हायेत ना. वाजवनारे वाजवतेत, हे गिटार धरतेत." मांडव हसला. त्या दिवसापासून रामाकोन्यात गुलाबरावांचं नाव 'धरणारे जवाई' असं पडलं. त्यांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या पुढे कित्येक महिने उतरल्या नाहीत. दुसऱ्या कुणी ऐको न ऐको, रामाकोन्याच्या स्टेजवरून नत्थूजींच्या कानाला आपला आवाज लागलाच पाहिजे, ह्या एकाच गोष्टीने त्यांना पछाडलं.

बायको प्रमिला ह्यावर काय म्हणते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ती त्याच गावची, तेव्हा तीही तसंच समजत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि एकदा ठरवलेली गोष्ट तपासून पाहायची त्यांना सवय नव्हती.

इलाज सापडला नागपूरच्या बसस्टँडवर, एका हिंदी मासिकात. रेडिओ-ट्रान्झिस्टरचं मासिक होतं. त्यात पाच-सहा पुर्जे जोडून गिटारचा आवाज फाडायचा नकाशा दिला होता. असा फाडलेला सूर घोगरा, करकरीत होतो आणि कसल्याही भोंग्यातून बाहेर पडतो, असं खाली लिहिलं होतं. गुलाबरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. पुर्जे तिथेच सीताबर्डीला घेतले. राहिलं फक्त त्यांना रांग्याने जोडणं, म्हणजे सोल्डरिंग.

सौंसरात सोल्डरिंग शिकवणारा एक माणूस होता, बसस्टँडवरचा रेडिओ दुरुस्तीवाला अरविंद. पण त्याने एकदा गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, "गुलाबभाऊ, बाकीच्या दोन तारा तुटल्या, का इकल्या?" तेव्हापासून गुलाबरावांनी त्याच्या दुकानासमोरून जाणंच सोडलं होतं. रेडिओ लावून ऐकणंही कमी केलं. असल्या माणसाकडे जाऊन 'मला शिकव' म्हणायचं? त्यापेक्षा गिटार विहिरीत टाकलेली बरी.

म्हणून ते गेले रामाजीकडे. रामाजी पत्र्याचं काम करायचा. कंदील, रॉकेलचे डबे, संत्र्यावर फवारायचे गळके पंप, सगळ्यांना रांग्याचा डाग लावून द्यायचा. शेगडीत तांब्याचं जाड टोक लाल व्हायचं, काडीने तेजाब, म्हणजे ॲसिड, लागायचं, सुंईं करून धूर निघायचा, आणि रांगा असा चमकत पसरायचा की बघत राहावं. गुलाबराव बघतच राहिले. त्यांना जे चमकतं ते पक्कं वाटायचं.

महिनाभर रोज संध्याकाळी ते रामाजीच्या शेगडीपाशी बसले. बोटं भाजली, एक शर्ट तेजाबाने जाळीदार झाला, दोन ट्रान्झिस्टर तर गरम टोक लागताच निजधामास गेले. शेवटी रामाजीने टोक बारीक ठोकून दिलं आणि गुलाबरावांचा हात बसला. रामाजीने एक गोष्ट मात्र बजावली. "काम झालं का पान्यानं खसाखसा धुवा लागते बरं, नाही त ते तेजाब खाते."

गुलाबराव पोट धरून हसले. ट्रान्झिस्टर पाण्याने धुवायचा! फवारणीचा पंप आहे का तो? ही गोष्ट त्यांनी पुढे पार्टीतही सांगितली आणि भैय्याजीही हसले, कारण भैय्याजींना त्यातलं काही कळत नव्हतं.

डबा मात्र देखणा झाला. रामाजीने नव्या कोऱ्या पत्र्याचा करून दिला. पायाने दाबायला बटण हवं होतं, ते पांढुर्ण्याच्या एका गॅरेजात मिळालं. ट्रकच्या डायव्हरच्या पायाशी असतं ते, डिपर मारायचं. एकदा दाबलं की फाटका आवाज, पुन्हा दाबलं की साधा. आत रांग्याचे ठिपके चांदीसारखे चमकत होते. गुलाबरावांनी डबा उघडून प्रमिलेच्या पुढे धरला.

"कसा चमकते?"

"चमकते," प्रमिला म्हणाली आणि भाकर उलटवली.

मार्चमध्ये पांढुर्ण्याला तालमीत डबा पहिल्यांदा लावला. डिपर दाबला आणि असा आवाज निघाला की शेजारचा माणूस पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला का म्हणून विचारायला आला. बाहेरचं कुत्रं शेपूट घालून पळालं. गुलाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो डबा फडक्यात गुंडाळला, पेटीत ठेवला आणि रामाकोन्याच्या कार्यक्रमापर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही, स्वतःसुद्धा लावला नाही. तेजाबाला पाहिजे होती तशीच निवांत जागा मिळाली.

रामाकोन्याच्या आठ दिवस आधीपासून त्यांनी टेंभा मिरवायला सुरुवात केली. मेहुण्याला निरोप धाडला, की बाबाला समोर बसव, यंदा काहीतरी वेगळं ऐकायला येणार आहे. प्रमिला आदल्या दिवशीच माहेरी गेली.

कार्यक्रम सुरू झाला. समोरच्या खुर्चीवर नत्थूजी, मांडीवर हात ठेवून. बायकांच्या बाजूला, लाकडी स्पीकरला जवळजवळ टेकून प्रमिला. पहिलं गाणं वंदनेचं, तिथे करकर शोभत नाही, म्हणून गुलाबरावांनी साधंच वाजवलं. नत्थूजींनी जांभई दिली. दे बाप्पा जांभई, गुलाबराव मनात म्हणाले. दुसरं गाणं उठलं. त्यांनी पाय उचलला आणि डिपरवर ठेवला.

भोंग्यातून एकदा 'कर्र' झालं. मग काहीच नाही.

त्यांनी पुन्हा दाबला. काही नाही. साधा आवाजही नाही. पायाने ठोकला, टाचेने दाबला, ट्रक घाटात असल्यासारखे डिपर मारले. बास मेली होती. आता वाकायचं, गिटारची वायर डब्यातून काढून सरळ आवाजाच्या मशीनला लावायची, एवढंच काम होतं. पण समोर नत्थूजी बसले होते. त्यांच्या देखत त्या डब्यापुढे गुडघे टेकायचे? आठ दिवस मारलेल्या फुशारकीचं काय करायचं? गुलाबरावांच्या डोक्यात एक विचार आला, जो कलावंताला येऊ नये.

ते नुसतेच वाजवू लागले. आवाज नाही म्हटल्यावर अंगानेच काहीतरी करणं भाग होतं. एरवी खांबासारखे उभे राहणारे गुलाबराव मान झटकायला लागले. डोळे मिटून मागे झुकले. स्टेजच्या कडेपर्यंत येऊन गिटारची मान नत्थूजींवर रोखली. पोरं शिट्ट्या मारायला लागली. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी एकही सूर काढला नाही आणि घामाने अंगरखा पिळून निघाला.

खाली उतरताच नत्थूजींनी त्यांना मिठी मारली. "वा जवाईबापू! आज ऐकू आलं! दनदन दनदन! हे असं वाजवा लागते!" गावकऱ्यांनी हार घातला. भैय्याजींनी खांद्यावर हात ठेवून जाणत्या माणसासारखं सांगितलं, "गुलाब, आज बॅलन्स जमला."

ह्या माणसाने एक दिवस पाणी बंद केलं तर सौंसर बोंबलतं. बास बंद झाली तर रामाकोना हार घालतो. ऐकणाऱ्यांच्या कानांविषयी ह्याहून जास्त काय बोलायचं!

सकाळी सासऱ्यांच्या परसात, कुणी नाही बघून, गुलाबरावांनी डबा उघडला. चांदीच्या ठिपक्यांवर हिरवट चिकट थर चढला होता. बोट लागताच एक तार गळून पडली, मग दुसरी. तेजाबाने निवांत बसून सगळं खाल्लं होतं. दुपारी जेवायला मटण होतं. नत्थूजी आग्रह करून वाढत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की आता जवायाला धरणारे म्हणायचं नाही. तीन वेळा गुलाबरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तीनही वेळा त्यात नत्थूजींनी वाढलेला तुकडा गेला. हवा होता तो मान ताटात पडला होता आणि घशाखाली उतरत नव्हता.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीपाशी बसले, गिटार दोन गुडघ्यांत धरून. धरूनच. शेजारी प्रमिला. फाटा मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "अजी, दुसऱ्या गान्यापासून तुमचं बंद होतं ना?"

गुलाबरावांचा चेहरा खर्रकन उतरला. "तुले कोन सांगितलं?"

"कोन सांगन? मी काय बहिरी हावो? तुमी घरी वाजवून राहिले तं मी काय कानात बोळे घालून रायतो? स्पीकरपाशीच बसली होती मी, दर वेळेसच बसतो. पोटात लागते ते तुमचं. काल लागलंच नाही. समदं गानं पोकळ वाटून राहिलं होतं."

"मंग आजवर कधी सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कधी?" प्रमिला म्हणाली. "डबा कसा चमकते, ते इचारलं. चमकते म्हनलं मी."

गुलाबराव भोंग्यांशी भांडले, अरविंदशी अबोला धरला, महिनाभर बोटं भाजून घेतली, आणि ऐकणारं माणूस घरात चुलीपाशी बसलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

"दुसऱ्या गान्यात तुमी काय वाजवता मले समदं पाठ हाय," प्रमिला म्हणाली, आणि पुढच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ताल धरून गुणगुणायला लागली. गाण्याची चाल नव्हे. गाणारी जे गाते ते नव्हे. खालचं, जाड, त्यांचं. दुम्... दुम् दुदुम्... जे आजवर कुठल्याच भोंग्यातून बाहेर पडलं नव्हतं.

एका जागी ती सूर चुकली. गुलाबराव दुरुस्ती करायला वळले, तोंडही उघडलं. मग त्यांनी ते मिटून घेतलं आणि सौंसर येईपर्यंत ऐकत राहिले.